सरकारदरबारीं रयतेचें वजन

एकट्या शेतकऱ्याचा अर्ज दप्तरांत पडून राहतो व जमावाचा कल्लोळ चार दिवसांत विरतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. मग वजन पडतें कशानें?

सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुक्याचा सारा मुंबई सरकारनें १९२७ सालीं सुमारें २२ टक्के वाढविला. अर्ज झाले, शिष्टमंडळ गेलें, उपयोग झाला नाहीं. फेब्रुवारी १९२८ पासून वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं रयतेनें सारा रोखला. म्हशी जप्त झाल्या, जमिनी सरकारजमा झाल्या. एकी मोडली नाहीं. कायदेकौन्सिलांतील कांहीं सभासदांनीं राजीनामे दिले व ऑगस्टांत चौकशी मान्य झाली.

एवढें बहुतेकांस माहीत असतें. आमच्या मतें खरी कसोटी पुढेंच लागली. वाढीचा आधार खंडाचे आंकडे हा होता. आणि कर्जाच्या व्याजापोटीं लिहून दिलेला खंड हा कांहीं जमिनीचा खरा खंड नव्हे! ब्रूमफील्ड व मॅक्सवेल हे चौकशी अधिकारी गांवोगांव फिरले, तेव्हां महादेवभाई देसाई प्रभृतींनीं रयतेची बाजू हिशेबानिशीं मांडली. ते आंकडे भरंवशाचे नाहींत असें अधिकाऱ्यांसही आढळलें, आणि १९२९ सालच्या अहवालांत २२ टक्क्यांचे सुमारें ६ टक्के झाले.