कोचचा साहेब कोण?

जानेवारी 2020 संपत आला होता. एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात अव्वल होता, साखळीचे तीनच सामने उरले होते, आणि क्लबने प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांना नारळ दिला. पहिल्या नंबरवर असलेल्या संघाचा कोच काढतं का कुणी? तात्पुरती सूत्रं क्लिफर्ड मिरांडा या घरच्याच माणसाकडे गेली. उरलेले तिन्ही सामने गोव्याने 4-1, 5-2, 5-0 असे मारले आणि लीग विनर्स शील्ड उचलली.

म्हणजे मालकांचा हिशोब बरोबर होता? थांबा. त्याच वर्षी ऑक्टोबरात लोबेरा मुंबई सिटीत आले आणि मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू, मंदार राव देसाई हे गोव्याचे चार मोहरेही मुंबईच्या गोटात दिसू लागले. करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच खेळवला गेला. 13 मार्च 2021ला अंतिम सामना फातोर्ड्यात झाला. रिकाम्या गॅलरीसमोर बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला आणि मोहन बागानवर 2-1 अशी मात करत मुंबईने शील्डपाठोपाठ ट्रॉफीही नेली. तीही गोव्याच्या अंगणातून.

मग तो संघ होता कुणाचा? क्लबचा की लोबेरांचा? फुटबॉल क्लब विकत घेणाऱ्याने चेकवर सही करण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारायला हवा. बहुतेक जण विचारतात तो वेगळाच: कोच कोण आणायचा?

इंग्लंडमध्ये हा गोंधळ एका शब्दामुळे फार काळ टिकला. तिथे कोचला ‘मॅनेजर’ म्हणायची रीत. सराव त्यानेच घ्यायचा, खेळाडू त्यानेच निवडायचे, कुणाला विकायचं तेही त्यानेच सांगायचं. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत तालीम मास्तराकडेच तिकीटबारी आणि नटांचे करारही सोपवावेत, तसा हा कारभार. ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यासारखा माणूस मिळाला तर तो झक्क चालतोही. 1986 ते 2013 या काळात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला 13 वेळा लीग जिंकून दिली. पण वडाचं झाड पडलं की अंगणच उघडं पडतं. 2013च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्याच वेळी मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. खेळाडूंची बाजारपेठ ओळखणारी दोन्ही डोकी एकदम बाहेर. नवे कोच डेव्हिड मॉइस, कार्यालयात नवे एड वुडवर्ड. मारुआन फेलायनीला 2 कोटी 35 लाख पौंडांत सोडण्याचं कलम जुलैअखेर संपत होतं. ती तारीख गेली आणि खरेदीच्या शेवटच्या दिवशी त्याच खेळाडूसाठी 2 कोटी 75 लाख मोजले गेले. चाळीस लाख पौंडांचा हा भुर्दंड मला त्या हंगामातल्या कुठल्याही पराभवापेक्षा बोलका वाटतो. तो मैदानावर कुणी हरला नव्हता. ज्या खुर्चीवर बसून ती तारीख लक्षात ठेवायची, ती खुर्चीच त्या घरात नव्हती. त्या खुर्चीवर बसणारा फुटबॉल डायरेक्टर युनायटेडने नेमला तो थेट 2021मध्ये.

शेजारच्या लिव्हरपूलला ही खुर्ची हवी होती, पण मांडायला जमेना. अमेरिकी मालकांनी 2010मध्ये 30 कोटी पौंडांना क्लब घेतला. 2012मध्ये ब्रेंडन रॉजर्स आले ते ‘डायरेक्टरच्या हाताखाली काम करणार नाही’ असं बजावूनच. तोडगा म्हणून समिती नेमली गेली. समिती म्हटल्यावर आपल्याला पुढचं सांगायला नकोच. 2015मध्ये ख्रिस्तियन बेंटेके हवा होता तो रॉजर्सना आणि रोबेर्तो फिरमिनो समितीला. दोघेही घेतले. सासूचं मन राखलं, सुनेचंही. ऑक्टोबरात रॉजर्स गेले आणि युर्गन क्लॉप आले. रॉजर्सनी कडेला खेळवलेल्या फिरमिनोला क्लॉपनी मधोमध आणलं आणि त्याच्याभोवती आक्रमण बांधलं. पुढच्या वर्षी मायकेल एडवर्ड्स स्पोर्टिंग डायरेक्टर झाले.

या जोडीची खरी परीक्षा 2017 साली झाली. क्लॉपना जर्मनीतला युलियान ब्रांट हवा होता. एडवर्ड्स आणि स्काउट मंडळींनी रोमातल्या मोहम्मद सलाहचं नाव लावून धरलं. अमुक खेळाडू हवा असा हट्ट धरून बसायला क्लॉपइतका वजनदार कोच दुसरा नव्हता. तरी त्यांनी ऐकलं आणि हे श्रेय त्या मंडळींचंच असल्याचं पुढे जाहीरपणे सांगितलंही. सलाहने पहिल्याच हंगामात 44 गोल केले. कोचने शनिवारचा सामना पाहावा आणि तीन वर्षांनंतरचा संघ दुसऱ्याने पाहावा, एवढीच ही वाटणी. माझ्या मते कोचला नकाराधिकार जरूर द्यावा. न आवडणारा खेळाडू त्याच्या गळ्यात मारून काही साधत नाही. पण खरेदीची यादी त्याच्या खिशात नसावी. त्याची सरासरी नोकरी खेळाडूच्या करारापेक्षा लहान असते. 2024मध्ये क्लॉपच्या जागी आर्ने स्लॉट आले, त्यांच्या दारावर ‘मॅनेजर’ नव्हे, ‘हेड कोच’ अशी पाटी लागली. पहिल्याच वर्षी लीग जिंकली.

खुर्च्या मांडायचा क्रमही महत्त्वाचा. आधी डायरेक्टर, मग त्याने निवडलेला कोच. युनायटेडने 2024मध्ये हे उलटं केलं. जुलैत डॅन ॲशवर्थ डायरेक्टर म्हणून रुजू होत असतानाच एरिक टेन हाग यांचा करार वाढवून दिला गेला. ऑक्टोबरात टेन हाग यांना काढलं, डिसेंबरात ॲशवर्थही गेले. पाचच महिन्यांत.

आता पुन्हा मुंबई. अनेक देशांत क्लब चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर 2019मध्ये मुंबई सिटीचे 65 टक्के घेतले. त्याआधीचा कारभार आठवा: 2015ला निकोला अनेल्का खेळाडूही होते आणि मॅनेजरही. ग्रुप आल्यावर चित्र बदललं. लोबेरांनंतर 2021मध्ये डेस बकिंगहॅम आले, ते याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत सहायक कोच होते. नोव्हेंबर 2023मध्ये, ऐन हंगामात, ते इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. त्यांच्या जागी पेट्र क्रॅट्की आले, तेही मेलबर्नचेच. सरावाची पद्धत तीच, त्यामुळे खेळाडूंना नव्याने बाराखडी गिरवावी लागली नाही. मे 2024मध्ये सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला 3-1 हरवून मुंबईने चषक जिंकला.

गोव्यावरही असाच प्रसंग आला होता. डिसेंबर 2021मध्ये हुआन फेरांदो करारातल्या कलमाचा आधार घेऊन मधूनच मोहन बागानला गेले. क्लबला हात चोळत बसावं लागलं, जबाबदारी डेरिक परेरांच्या खांद्यावर आली आणि तो हंगाम नवव्या क्रमांकावर संपला. माणूस अनुभवी होता, घरचा होता. पण ऐन वेळी बोलावलेला घरचा माणूस वेगळा आणि आधीपासून तयार करून ठेवलेला वारस वेगळा.

मुंबईच्या गोष्टीला अजून एक शेपूट आहे. लीगचंच भवितव्य अधांतरी झाल्यावर डिसेंबर 2025मध्ये सिटी ग्रुपने मुंबईतून काढता पाय घेतला आणि हिस्सा जुन्या मालकांकडे परतला. क्रॅट्की आणि चषक इथेच राहिले. क्रॅट्कींच्या नंतरचं नाव ज्या यादीतून यायचं, ती यादी मात्र ग्रुपबरोबर परत गेली.