टाइल्सच्या मागची ओल

मार्च महिना लागला की आमच्या साताऱ्यात घरोघरी बाथरूमची दुरुस्ती निघते आणि दवाखान्यात धुळीने आलेले खोकले व सिमेंटने सोलवटलेले हात दिसू लागतात. टाइल्स कोणत्या रंगाच्या घ्याव्यात यातले मला काही कळत नाही. पण त्यामागच्या भिंतीविषयी मला सांगलीच्या दाजींच्या दम्याने पुष्कळ शिकवले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अक्काच्या तळमजल्यात पाणी शिरले. ते ओसरल्यावर बाथरूमच्या टाइल्स निखळल्या, गिलावा फुगला. दिवाळी तोंडावर आलेली. "टाइल्स लावल्या की भिंत झाकली जाते," असे म्हणून दाजींनी आठवड्यात काम उरकून घेतले, आणि मी डॉक्टर असूनही हो म्हणालो. पुढच्या पावसाळ्यात सांध्यांतून काळी बुरशी दिसू लागली. टाइल वाजवली की पोकळ आवाज येई. दाजींचा जुना दमा तर रात्री दोनला त्यांना उठवून बसवी. सगळा दोष भिंतीचाच असे म्हणता येणार नाही; परंतु बुरशीमुळे दम्याच्या रोग्याचा त्रास वाढतो, हे खरे.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी मात्र घाई केली नाही. आधी गळका नळ दुरुस्त केला. तोडकामाच्या दिवसांत दाजींना साताऱ्याला आणून ठेवले. सैल गिलावा विटेपर्यंत काढून भिंत उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवली, खिडकी सताड उघडी. मग हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवला. आतून दव धरले म्हणजे भिंत अजून ओली. दोनदा धरले, तिसऱ्यांदा नाही. लोणा झाडून नवा गिलावा केला, त्यावर आठवडाभर पाणी मारले, तो वाळू दिला आणि मगच टाइल्स लावल्या.

साताऱ्याच्या पेठांत पुराचे पाणी येत नाही, पण पावसाची आणि गळक्या पाइपची ओल तीच.

तोडकामाची धूळ साधी समजू नका. टाइल, वीट, सिमेंट यांच्या धुळीत सिलिका असते. घरच्यांना ती चार दिवस खोकवते. गवंड्याच्या फुप्फुसात मात्र वर्षानुवर्षे साचते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणून फोडण्यापूर्वी व फोडताना पाणी शिंपडावे. तोंडाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. करोनात घेतलेला एन-९५ मास्क घरात असेल तर तो वापरावा, गवंड्यालाही द्यावा. गिझरची वायर भिंतीतून गेलेली असते, तेव्हा छिन्नी लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. सिमेंट कालवताना रबरी मोजे घालावेत. डोळ्यात उडाले तर न चोळता निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून तडक दवाखाना गाठावा.

बुरशी कोरडी खरवडू नये, साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका: ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड एकत्र करणे. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दाजींचा पंप अजून उशाशी असतो, पण रात्रीचा फोन क्वचितच येतो. अक्का मात्र थंडी वाजते म्हणून बाथरूमची खिडकी बंद करते, आणि त्यावरून आमचे अजून वाजते.