प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत हुकली? ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती शेवटची संधी. उशिराचा हिशेब असा

जालना : ‘जालना सोने का पालना’ असे म्हणणाऱ्या या शहरात प्राप्तिकर म्हटले की अनेकांना ऑगस्ट २०२२ मधील स्टील उद्योगांवरच्या धाडी आणि लग्नाचे स्टिकर लावून आलेल्या गाड्या आठवतात. पण सामान्य करदात्याचा खिसा धाडीने नव्हे, तारीख विसरल्याने कापला जातो. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली होती. तीही हुकलेल्यांना विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होते.

दंड किती?
कलम २३४एफ नुसार विलंब शुल्क ५,००० रुपये. एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये. कर शून्य निघत असला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक असलेल्यांना हे शुल्क चुकत नाही.

व्याज वेगळे का?
शुल्क एकदाच लागते, व्याज मात्र दरमहा वाढते. थकीत करावर २३४ए (विवरणपत्राला उशीर) आणि २३४बी (आगाऊ कर न भरणे) अशी दोन व्याजे प्रत्येकी दरमहा १ टक्का लागतात. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. आगाऊ कराचा हप्ता चुकल्यास २३४सी चे व्याज आणखी वेगळे.

उदाहरणाने समजून घ्या
समजा, नव्या मोंढ्यातील एका व्यापाऱ्याचे अनुमानित पद्धतीने (कलम ४४एडी) करपात्र उत्पन्न ९ लाख आहे. नव्या करप्रणालीत उपकरासह कर ४१,६०० रुपये. त्याने काहीच भरले नाही आणि २० डिसेंबरला विवरणपत्र भरले, तर :
- २३४ए : ४ महिने – १,६६४ रुपये
- २३४बी : एप्रिलपासून ९ महिने – ३,७४४ रुपये
- २३४सी : ४१६ रुपये
- विलंब शुल्क : ५,००० रुपये

एकूण जादा भुर्दंड १०,८२४ रुपये. हेच काम १६ सप्टेंबरला केले असते, तर फक्त २,९१२ रुपये व्याज लागले असते. म्हणजे तीन महिन्यांच्या चालढकलीची किंमत ७,९१२ रुपये.

शेतकऱ्यांनाही लागू?
मोसंबी, कापूस, सोयाबीन अशा शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. मात्र कृषी सेवा केंद्र, अडत, गाळ्याचे भाडे किंवा ठेवीवरचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नाही. असे उत्पन्न सूट मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाते.

आणखी काय गमवावे लागते?
पगारदारांना उशिरा भरताना जुनी करप्रणाली निवडता येत नाही; विमा, पीपीएफची वजावट हातची जाते. व्यवसाय किंवा शेअर बाजारातील तोटा पुढील वर्षी वळता करता येत नाही.

३१ डिसेंबरही हुकली तर?
मग उरते अद्ययावत विवरणपत्र. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येते; पण पहिल्या वर्षात कर व व्याजावर २५ टक्के, नंतर अनुक्रमे ५०, ६० आणि ७० टक्के जादा कर. त्यातून परतावा मागता येत नाही. टीडीएस कापला गेलेल्या छोट्या नोकरदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता काय करावे?
प्राप्तिकर पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस तपासा. कर निघत असेल तर ‘ई-पे टॅक्स’मधून स्वयंनिर्धारण कर आधी भरा, तेवढ्या रकमेवरचे २३४बी चे व्याज तिथेच थांबते. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. ती राहिली तर भरलेले विवरणपत्रही ग्राह्य धरले जात नाही.