एका वतनाचे दोन वारस

ॲडलेड ओव्हल हे नाव मराठी वाचकाच्या कानी प्रथम पडले ते क्रिकेटच्या निमित्ताने. ब्रॅडमनने ज्या कसोटीत द्विशतक काढले त्याच कसोटीत, १९४८ च्या जानेवारीत, सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके या मैदानावर झळकावली आणि कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ धावांची जोड त्यांना दिली. पुढे २००३ च्या डिसेंबरात अजित आगरकरने ४१ धावांत ६ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १९६ धावांत संपविला, तोही येथेच. परंतु उन्हाळा सरून मार्च महिना लागला, की ही खेळपट्टी मुळासकट उचलून बाजूला नेली जाते, मैदानाच्या दोन्ही टोकांस चार-चार खांब रोवले जातात, आणि ज्या खेळावर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या जनतेचे क्रिकेटहूनही अधिक उत्कट प्रेम आहे तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल येथे सुरू होतो. त्या हंगामात साधारणपणे दोनदा ॲडलेड क्रोज आणि पोर्ट ॲडलेड हे एकाच शहरातील दोन संघ परस्परांसमोर उभे ठाकतात. या सामन्यास ‘शोडाउन’ असे नाव आहे. त्या दिवशी पन्नास हजारांहून अधिक पाठीराख्यांच्या मुखातून जो हर्ष आणि जो संताप बाहेर पडतो, त्याची कारणे गुणफलकावर सापडत नाहीत. ती १९९० सालच्या एका दाव्याच्या दप्तरात शोधावी लागतात.

तत्पूर्वी खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १८५९ साली मेलबर्न येथे या खेळाचे पहिले लेखी नियम सिद्ध झाले. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूस अठरा गडी, वीस-वीस मिनिटांचे चार भाग आणि खोळंब्याचा वेळ वेगळा, अशी त्याची रचना. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा गुण. उंच आणि आखूड खांबांच्या दरम्यान गेला, किंवा उंच खांबास नुसता चाटून गेला, तर एकच. दुसऱ्या गड्याने मारलेला चेंडू हवेतल्या हवेत नीट झेलणाऱ्यास निर्वेध फटका मारण्याचा हक्क मिळतो, आणि हा हक्क समाप्तीच्या सायरनपूर्वी प्राप्त झाला असेल तर सायरन वाजून गेल्यावरही तो बजावता येतो. या एका कलमाने किती जणांना धन्य केले आणि किती जणांना वर्षानुवर्षे झुरत ठेवले याची गणती नाही.

शहराच्या मध्यापासून वायव्येस सुमारे चौदा किलोमीटरांवर पोर्ट ॲडलेड हे बंदर आहे. वसाहतीच्या आरंभीच्या काळात तिवरांच्या चिखलामुळे आणि तेथे उतरणाऱ्यांच्या हालांमुळे त्यास ‘दैन्याचे बंदर’ अशी ख्याती प्राप्त झाली होती. गोद्या, वखारी आणि मालाची चढउतार करणाऱ्या श्रमिकांची वस्ती असलेल्या या भागात १८७० साली जो क्लब स्थापन झाला, त्याने १९०२ पासून काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी धारण केली. धक्क्याच्या लाकडी खुंटांची आठवण करून देणाऱ्या त्या पट्ट्यांना लोक तुरुंगाचे गज म्हणू लागले, आणि बंदरवासीयांनी हेही नाव अभिमानाने स्वीकारले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या प्रांतिक स्पर्धेत या क्लबाने १९५४ ते १९५९ अशी लागोपाठ सहा वर्षे अजिंक्यपद राखले आणि १९९९ पर्यंत एकंदर छत्तीस वेळा ते मिळविले. इतके यश एकाच पदरात पडले की शेजाऱ्यांच्या मनात आदर आणि द्वेष हे दोन्ही भाव एकदमच वाढीस लागतात. नॉरवुड, ग्लेनेल्ग इत्यादी क्लबांच्या पाठीराख्यांच्या घरात मुलास फुटबॉलची ओळख होई, ती पोर्टचा पराभव झाला पाहिजे या शिकवणुकीसहच.

इकडे मेलबर्नमधील व्हिक्टोरिया प्रांताची स्पर्धा हळूहळू हातपाय पसरत होती. सिडनी, पर्थ आणि ब्रिस्बेन येथील संघ तिच्यात दाखल झाले आणि १९९० साली तिने ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ असे राष्ट्रीय नाव धारण केले. या स्पर्धेत घाईने शिरावयाचे नाही, असे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या क्लबांनी आपसांत ठरविले असताना पोर्टने त्या वर्षी गुप्तपणे स्वतंत्र बोलणी आरंभिली आणि प्रवेशाचा करारमदार जवळजवळ पुरा केला. बातमी फुटली तेव्हा प्रांतात जो क्षोभ उसळला त्यास तोड नव्हती. प्रतिपक्षी क्लबांनी न्यायालयात धाव घेऊन मनाईहुकूम मिळविला. प्रांतिक लीगने तातडीने साऱ्या प्रांताच्या वतीने एका नव्या संघाची मागणी पुढे केली. आणि जो परवाना पोर्टच्या हाती पडावयाचा तो या नवजात संघास मिळाला. येथील रहिवाशांस पूर्वापार ‘कावळेखाऊ’ म्हणत आले होते, त्यावरून संघाचे नाव क्रोज ठेवण्यात आले आणि प्रांताच्या निळ्या, तांबड्या व सोनेरी रंगांची जर्सी त्यास मिळाली. २२ मार्च १९९१ रोजी या संघाने आपल्या पहिल्याच सामन्यात हॉथॉर्नचा ८६ गुणांनी पराभव केला, आणि हॉथॉर्न म्हणजे त्याच वर्षीचे भावी अजिंक्यवीर.

माझ्या मते साऱ्या वैराचे मूळ येथे आहे. क्रोजच्या पाठीराख्याच्या दृष्टीने १९९० साली पोर्टने बिरादरीचा विश्वासघात केला, आणि त्या घातातून सर्वांना एकत्र आणणारा, कोणा एका पेठेचा नव्हे तर सबंध प्रांताचा असा संघ जन्मास आला. पोर्टच्या पाठीराख्याच्या दृष्टीने एकशेवीस वर्षांच्या वहिवाटीने आणि घामाने जो हक्क आपल्या क्लबाने कमावला होता तो कागदी घोडे नाचवून हिरावून घेण्यात आला व काल जन्मलेल्या संघास बक्षीस देण्यात आला. दोन्ही कैफियती खऱ्या आहेत. एकाच वतनावर दोन दायादांनी दावा सांगावा आणि दोघांच्याही हाती अस्सल सनद असावी, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच परगावच्या संघाशी हरल्याचे दुःख आठवड्यात विरते आणि या सामन्यातील पराभव मात्र मुलांच्या हवाली केला जातो.

सहा हंगाम क्रोज एकटेच नांदले. त्या अवधीत बंदराच्या कित्येक घरांनी, आपला प्रांत म्हणून मन मोठे करून त्यांना आपलेसे केले. कित्येकांनी राष्ट्रीय स्पर्धेकडे पाठ फिरवून पोर्टच्या आल्बर्टन येथील जुन्या मैदानाशीच इमान राखले. अखेर १९९७ साली पोर्टचा प्रवेश झाला, परंतु त्यास किंमत मोजावी लागली. क्लबाचा काळा-पांढरा रंग आणि मॅगपाय पक्ष्याचे चिन्ह राष्ट्रीय स्पर्धेत मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबाच्या मालकीचे मानले जात असल्याने, पोर्टला निळसर हिरव्या छटेची नवी जर्सी आणि ‘पॉवर’ हे नवे बिरुद पत्करावे लागले. २० एप्रिल १९९७ रोजी वेस्ट लेक्स येथील फुटबॉल पार्कवर सुमारे ४७ हजार प्रेक्षकांच्या साक्षीने पहिला शोडाउन झाला आणि नवागत म्हणून हिणवलेल्या पोर्टने तो ११ गुणांनी जिंकला. त्याच वर्षी आणि लगेच पुढच्याही वर्षी क्रोजनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले; पोर्टला त्यासाठी २००४ पर्यंत थांबावे लागले. तरीही बंदरातील जुन्या मंडळींना विचारावे तर त्या एप्रिलच्या दुपारचे मोल ते अजिंक्यपदाच्या बरोबरीने लावतील, असे मला वाटते.

या खेळाचा एक विशेष मला अत्यंत स्पृहणीय वाटतो. युरोपातील सॉकरप्रमाणे येथे दोन पक्षांचे प्रेक्षक कुंपणे घालून विलग केलेले नसतात. तिरंगी गळपट्टा आणि हिरवट गळपट्टा शेजारीशेजारी बसतात, पुष्कळदा एकाच मोटारीतून येतात. क्रोजचे पहिले प्रशिक्षक ग्रॅहॅम कॉर्न्स हे ग्लेनेल्गचे नामांकित खेळाडू, म्हणजे पोर्टचे परंपरागत प्रतिस्पर्धी. आणि त्यांचे चिरंजीव चॅड व केन हे दोघेही पोर्टकडून खेळले व २००४ च्या विजयी संघात होते. जेथे प्रशिक्षकाच्या कुटुंबाची ही अवस्था, तेथे सामान्य घरांत सासर पोर्टचे आणि माहेर क्रोजचे असले तर त्यात नवल कसले? पंचाच्या निर्णयावर ओरडणारा मनुष्य आपल्या मेव्हण्याच्या कानाशी ओरडत असतो. सोमवारी कचेरीत तोंड दाखविणे ज्याला जड जाते, त्याला रविवारच्या जेवणाच्या पंक्तीतही सुटका नसते.

मग सामनेही असे घडतात, की जणू कोणी हे वैर शिळे होऊ नये म्हणूनच त्यांची योजना करावी. २००५ च्या बाद फेरीत क्रोजनी ८३ गुणांनी विजय मिळविला, ती जखम पोर्टच्या मनातून कधी गेली नाही. २०१३ मध्ये फुटबॉल पार्कवरील अखेरच्या शोडाउनमध्ये पोर्टच्या अँगस मॉनफ्रीजने मारलेला चेंडू खांबांच्या बाजूस पडता पडता, लेगब्रेक वळावा तसा काटकोनात वळून गोलात शिरला आणि पोर्ट ४ गुणांनी जिंकले. २०१८ च्या मे महिन्यात स्टीव्हन मॉटलॉपच्या शेवटच्या घटकेच्या गोलाने पोर्टने ५ गुणांनी बाजी मारली, तर ऑगस्टमध्ये क्रोज ३ गुणांनी सरस ठरले. त्या सामन्यातील जॉश जेनकिन्सचा गोल खांबास चाटून गेला होता काय, यावर रण माजले, आणि खुद्द जेनकिन्सनेच पुढे तो खांबास लागल्याचे सांगितले. सहा गुणांच्या जागी एक धरला असता तर निकालच फिरला असता. पोर्टच्या मंडळींनी तो हिशेब अजून मिटविलेला नाही. आणि १ एप्रिल २०२२ च्या रात्री क्रोज दोन गुणांनी मागे असताना सायरन झाला, परंतु तत्पूर्वी मिळालेला हक्काचा फटका जॉर्डन डॉसनच्या हाती होता. पोर्टला डावलून क्रोजची निवड करून नुकताच आलेला हा डावखुऱ्या पायाचा गडी सीमारेषेजवळून, अत्यंत अरुंद कोनातून, सबंध मैदान श्वास रोधून असताना पुढे सरसावला. चेंडू वळत वळत उंच खांबांतून गेला, आणि एकाच बाकावरच्या दोन माणसांपैकी एकाने आभाळाकडे हात फेकले व दुसऱ्याने मस्तक गुडघ्यांत घातले.

२०१४ साली दोन्ही क्लब ॲडलेड ओव्हलवर आले. १९११ सालचा हाताने चालविला जाणारा गुणफलक आणि उत्तरेकडील हिरवळीचा उतार तेथे आजही जतन केलेला आहे. या स्थलांतराबरोबर पोर्टने एक नवा प्रघात पाडला: सामन्यापूर्वी इनएक्सेस या ऑस्ट्रेलियन वाद्यवृंदाचे ‘नेव्हर टेअर अस अपार्ट’ हे गीत लावले जाते आणि हजारो पाठीराखे गळपट्टे दोन्ही हातांनी मस्तकावर ताणून ते गातात. क्रोजच्या लोकांनी आरंभी त्याची उसनी रीत म्हणून अवहेलना केली. ज्यांचा रंग आणि चिन्ह हिरावले गेले त्यांनी आपणांस जोडून ठेवणारे काही नव्याने निर्माण केले, यात मला तरी अवहेलनीय काही दिसत नाही. १३ जून २०२० रोजी, महामारीमुळे ओस पडलेल्या मैदानांवर प्रेक्षकांना प्रथमच प्रवेश मिळाला तो याच सामन्यास. परवानगी होती अवघ्या २,२४० जणांना.

या वैराची खरी कसोटी मात्र २०१५ मध्ये लागली. ३ जुलै रोजी क्रोजचे मुख्य प्रशिक्षक फिल वॉल्श यांची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. पोर्टच्या २००४ च्या यशात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून त्यांचा वाटा होता, आणि अगदी आदल्या हंगामापर्यंत ते पोर्टच्याच सेवेत होते. तेव्हा हा शोक दोन्ही घरांचा होता. क्रोजचा त्या आठवड्याचा सामना रद्द करून गुण वाटून देण्यात आले. १९ जुलैचा शोडाउन क्रोजनी तीनच गुणांनी जिंकला आणि त्या दिवसाचे, वॉल्श यांच्या नावे ठेवलेले पदक स्कॉट थॉम्सनला मिळाले. पुढल्याच वर्षी याच प्रेक्षागारातून क्रोजचा लाडका आदिवासी खेळाडू एडी बेट्स याच्या दिशेने केळे भिरकावले गेले. ज्या कोपऱ्यातून तो अशक्य वाटणारे गोल करी त्यास लोकांनी त्याचेच नाव दिले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या कृत्याची नीचता अधिकच झोंबते. पोर्टने ते करणाऱ्या आपल्याच सभासदास मैदानबंदी केली, आणि पोर्टच्या बहुसंख्य पाठीराख्यांनी लाजेने मान खाली घातली. वैराला मर्यादा असते, ती ओलांडणारा आपल्या पक्षाचा राहत नाही, हे त्यांनी कोणी न सांगता ओळखले.

जर्सीचा तंटा अद्याप चालूच आहे. क्लबाच्या दीडशेव्या वर्षी, २०२० च्या शोडाउनमध्ये, पोर्टला गजांची जर्सी घालण्याची मुभा मिळाली आणि त्यांनी ७५ गुणांनी विजय मिळविला. २०२१ मध्ये ती नाकारली गेली, तेव्हा सामना जिंकून आत गेलेल्या खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत तीच अंगावर चढवून विजयगीत म्हटले. २०२३ मध्ये कॉलिंगवुडच्या संमतीने शोडाउनपुरती ती पुन्हा मैदानावर आली. आपल्या आजोबांची जर्सी अंगावर घालण्यास मेलबर्नच्या क्लबाची परवानगी लागावी, हे बंदरातील माणसाच्या मनास किती लागत असेल ते बाहेरच्याने मोजू नये.

याच काळात वैराने एक नवे दालनही उघडले. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा २०१७ साली सुरू झाली तेव्हा पोर्टचा संघ तीत नव्हता, क्रोजचा होता. पोर्टकडून आठ अजिंक्यपदे मिळविणारे ग्रेग फिलिप्स यांची कन्या एरिन फिलिप्स साहजिकच क्रोजकडून खेळली आणि तीन वेळा विजेतेपदाची मानकरी झाली. पोर्टचा स्त्री-संघ २०२२ मध्ये स्पर्धेत दाखल होताच ती वडिलांच्या क्लबात परतली व त्याची पहिली कर्णधार बनली. ३० सप्टेंबर २०२२ रोजी स्त्रियांचा पहिला शोडाउन ॲडलेड ओव्हलवर वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. क्रोजनी मोठ्या फरकाने तो जिंकला. ज्यांच्यासाठी तिने तीन करंडक आणले त्या तिरंगी गळपट्ट्यांसमोर एरिन त्या रात्री पोर्टची कर्णधार म्हणून उतरली होती, आणि १९९० साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली दोन्ही रंगांत बाकांवर बसून, आपापल्या वडिलांकडून ऐकलेला तो जुना दावा एकमेकींना मोठ्याने ऐकवीत होत्या.