दाराची कडी कुणाच्या हाती?

ज्येष्ठ नागरिक दिन दरवर्षी येतो. शाली-श्रीफळं दिली जातात, शाळेतली मुलं ज्येष्ठांच्या संकुलांत जाऊन गाणी म्हणून येतात, आणि निवृत्तांसाठी बांधलेल्या घरांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पानं भरतात. ज्येष्ठांची संख्या वाढते आहे, मुलं परदेशी आहेत, हे वाचकांना पाठ आहे. ते बाजूला ठेवू. अशा घरात राहायला गेलेला माणूस दिवसभर काय करतो आणि ते कोण ठरवतं, यावर मात्र आपण फारसं बोलत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

इमारतीपुरतं पाहिलं तर परिस्थिती सुधारते आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, 2024 साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. व्हीलचेअर सहज आत यावी म्हणून दरवाजे किमान 900 मिलिमीटर रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, एका टप्प्यात 12 पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला दांड्या. हे फार गरजेचं होतं. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय काय होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलं आहे. पण दाराची रुंदी मोजता येते. त्या दाराला आतून कडी लावायची की नाही, हे आत राहणाऱ्याने ठरवायचं की व्यवस्थापनाने, हे कोणत्याही नकाशात दिसत नाही.

या प्रश्नावरचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात केला आणि 1976 साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या ज्येष्ठांना सांगितलं गेलं की इथलं तुमचं आयुष्य तुम्हीच ठरवायचं आहे. खोलीत सामान कसं लावायचं ते तुम्ही बघा, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा ते तुम्ही सांगा, आणि हवं असेल तर एक रोपटं निवडा. त्याची देखभाल मात्र तुमची. दुसऱ्या मजल्यावर सूर वेगळा होता. तुम्ही आनंदात राहावं ही आमची जबाबदारी, हे घ्या तुमचं रोपटं, पाणी परिचारिका घालतील. खोल्या तशाच, जेवण तेच, सिनेमाही तोच. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक उत्साही आणि सावध दिसू लागली, इतरांत जास्त मिसळू लागली. दीड वर्षाने त्या दोघी परत गेल्या, तेव्हा पहिल्या गटातले 15 टक्के वारले होते, दुसऱ्यातले 30 टक्के. गट लहान होते, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यांवर फार मोठा इमला बांधू नये. उत्साहातला फरक मात्र मला पूर्ण पटतो, कारण तो आपल्याही घरोघरी दिसतो. ज्या आजींच्या हातून फोडणीचा डबा काढून घेतला, त्या सहा महिन्यांत कशा गप्प होतात ते आठवून पाहा.

1976 सालीच मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजचे विद्यार्थी ज्येष्ठांना भेटायला जात. काहींना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येई, काहींना निदान वेळ आधी कळे, तर काहींकडे विद्यार्थी वाटेल तेव्हा जात. ज्यांना वेळ ठरवता येत होती किंवा आधी ठाऊक होती, त्यांची तब्येत आणि मन दोन्ही सुधारलं. मग प्रयोग संपला, विद्यार्थी यायचे थांबले. पुढच्या पाहणीत दिसलं की ज्यांना सर्वांत जास्त लाभ झाला होता तेच सर्वांत जास्त खचले. वर्षातून एकदा भेटवस्तू आणि कॅमेरा घेऊन ज्येष्ठांकडे जाणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे वाचायला हवं. जायचं तर नेमाने जा. जमणार नसेल तर सवय लावू नका.

शरीराचंही तसंच. ‘या वयात जपून’ असं म्हणत आपण त्यांना खुर्चीत बसवतो. 1990 साली बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या ज्येष्ठांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनाही 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. बागेत फेऱ्या मारणं चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही.

शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गवांदे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या आपल्या आजोबांबद्दल लिहिलं आहे. शंभरी उलटल्यावरही ते रात्री घोड्यावरून शेताला फेरी मारत, आणि घरचे त्यांना मारू देत. त्याच पुस्तकात केरेन ब्राऊन विल्सन भेटतात. 1983 साली ओरेगॉनमध्ये त्यांनी मदतीची गरज असलेल्या ज्येष्ठांसाठी 112 घरांची इमारत उभारली आणि प्रत्येक दाराला आतून कुलूप दिलं. लोकांनी धोका दाखवला. सरकारने तपासणी लावली, तेव्हा राहणाऱ्यांची प्रकृती टिकून होती, समाधान वाढलं होतं आणि खर्च शुश्रूषागृहापेक्षा कमी होता.

आपल्याकडे तर ज्येष्ठांना कारभार नवा नाही. नाना-नानी पार्कातला कट्टा, भजनी मंडळ, गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ हे सगळं त्यांनीच चालवलं आहे. मग मोठी रक्कम भरून घेतलेल्या घरात आल्यावर मेसच्या भाजीपासून गणपतीच्या कार्यक्रमापर्यंत सारं व्यवस्थापकाने का ठरवावं? राहणाऱ्यांची निवडून आलेली समिती, तिच्या हाती थोडा तरी पैसा, आणि ‘नाही, मी येणार नाही’ म्हणायची मोकळीक, हे महारेराने पुढच्या तत्त्वांत घालावं.

तोवर आई-वडिलांसाठी असं घर बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट पाहून परत फिरू नका. दुपारी तीन-चारच्या सुमारास जा आणि तिथे राहणाऱ्यांशी बोला. कालची भाजी कुणी ठरवली, रात्री उशिरा नाटक पाहून आलं तर फाटक उघडतात का, पाहुणे मुक्कामाला ठेवता येतात का, एवढं विचारा. आई-वडिलांना सोबत न्या, आणि शेवटचा होकार किंवा नकार त्यांनाच देऊ द्या.