दादरीचं मूळ

रावेरबाहेरच्या माणसाला ‘दादर’ म्हटलं की मुंबईचं स्टेशन आठवतं. खानदेशात दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. पावसाळा सरताना भारी काळ्या जमिनीत पेरायची आणि मुरलेल्या ओलीवर काढायची. आमच्या तालुक्यात केळीनं शिवार व्यापलं खरं, पण भरितासोबत कळण्याची भाकरी लागतेच आणि तिला ज्वारी लागते.

ही ज्वारी वरच्या पाण्यावाचून येते कशी, हे जमिनीखाली पाहायला हवं. ओल आटत खाली सरकते, तसं मूळही तिच्या मागोमाग उतरतं; भारी जमिनीत दीड मीटर आणि त्याहूनही खोल. कापणीनंतर धसकट उपटलं की हातात येतो तो नुसता वरचा झुबका. खरं मूळ खालीच तुटून राहतं.

नत्राचा सगळा हिशेब याच मुळाशी बांधलेला आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. जमिनीत त्याचं आधी अमोनियम होतं. अमोनियमचा विद्युतभार धन आणि चिकणमातीचा ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. पण जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटचा भार ऋणच. माती त्याला थारा देत नाही, ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. अमेरिकेतल्या रॉन आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी १९९९ साली जगभरच्या तृणधान्यांचा ताळा मांडला, तेव्हा दिलेल्या नत्रापैकी जेमतेम ३३ टक्के दाण्यात पोचतं असं निघालं. म्हणजे गोणीमागे सात किलो. उरलेल्यापैकी थोडं कडब्यात आणि मातीत राहतं. बाकीचं विहिरीच्या पाण्यात नाहीतर हवेत.

निसटलेलं नायट्रेट वाटेत गाठायचं तर मूळ खोल हवं. पण पैदासकारानं निवड केली ती डोळ्यांना दिसेल त्याची. गहू पाहा. उंच देशी गव्हाला खत वाढवलं की तो लोळायचा. जपानमध्ये १९३५ साली गोंजिरो इनाझुका यांनी नोरिन-१० हा बुटका गहू तयार केला. त्याची बुटकेपणाची जनुकं अमेरिकेमार्गे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आली आणि १९६६ साली भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं. पाठोपाठ कल्याणसोना आणि सोनालिका आले. गहू उभा राहिला, देशाचं पोट भरलं. त्या पैदाशीला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. तरी एक खरं, की ही निवड खतापाण्याची ददात नसलेल्या वाफ्यांत झाली. तिथे मुळाला धडपडायचं कारणच नव्हतं. त्यात २०१८ साली चीनमधल्या शियांगदोंग फू यांच्या गटानं दाखवलं की झाडाला बुटकं ठेवणारी प्रथिनं नत्र उचलण्याची ताकदही दाबतात. जीआरएफ-४ नावाच्या जनुकाचा जोर वाढवला, तर बुटकेपणा राखून ती ताकद परत आणता येते.

म्हणून जुनं ते सगळं सोनं समजायचं का? नाही. ऑस्ट्रेलियात पाच दशकांतल्या गव्हाच्या जाती शेजारी शेजारी तपासल्या, तेव्हा नव्या जातींची मुळं विरळ निघाली. पण तेवढ्याच लांबीच्या मुळातून त्या जास्त नत्र उचलत होत्या. मूळ वाढवायला झाडाला स्वतःच्या पदरचं अन्न खर्चावं लागतं. वरच्या वर पसरलेला जाड झुबका हा कित्येकदा उधळेपणाच असतो. पेनसिल्व्हेनियाचे जोनाथन लिंच मक्यासाठी मूळ मागतात ते उभं, स्वस्त आणि खोल.

आमची रब्बी ज्वारी नेमकी या बाबतीत सुदैवी. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकर १९६४ साली आला आणि पुढच्या संकरांनी खरीप काबीज केला. रब्बीत मात्र शेतकऱ्यानं मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ सोडली नाही. तिचं मूळ कुणी मोजून निवडलेलं नव्हतं. कोरड्या रब्बीत जे खोल गेलं तेच दाण्याला आलं, एवढीच तिची परीक्षा.

ज्वारीच्या मुळाची दुसरी करामत मला त्याहून मोठी वाटते. तिच्या केशमुळांच्या टोकांवर सोनेरी तेलकट थेंब सुटतात. त्या द्रव्याला सॉर्गोलिओन म्हणतात. ते तणांची वाढ रोखतं आणि अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनाही लगाम घालतं. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, तो याच कामासाठी. ज्वारी ते बिनपैशाचं करते. जपानमधल्या जिरकास संस्थेत जी. व्ही. सुब्बाराव यांनी या गुणाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. गव्हात तो फारसा नाही. म्हणून लायमस रेसमोसस नावाच्या रानगवताच्या गुणसूत्राचा तुकडा मुनाल या गव्हात आणला गेला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले: नायट्रेट होण्याचा वेग मंदावला आणि नत्र कमी देऊनही उतारा टिकला. या कामात मेक्सिकोतली सिमिट संस्था होती, बोरलॉग यांचीच.

वाणाच्या माहितीपत्रकात दिवस, उंची, दाणा, कडबा असं सगळं छापलेलं असतं. मुळाच्या लांबीचा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही. तेव्हा रावेर-यावलच्या शेतकरी मित्रांना एक विनंती. दादर पोटरीत आली की एका ताटाच्या बाजूला मूळ संपेपर्यंत खड्डा घ्या, भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारून माती धुवा आणि मूळ कुठवर गेलंय ते टेपानं मोजा. शेजारच्या गव्हाचंही मोजा. दोन्ही आकडे बियाण्याच्या पावतीमागे लिहून ठेवा.