कथा छापून येते कशी?

पिंपळगाव रेणुकाईसारख्या मिरचीच्या बाजारगावात कथा लिहायची, तर पोटापाण्याचा उद्योग वेगळा हवा. मराठीत निव्वळ कथेवर घर चालणे कठीण. शेजारच्या बुलढाण्यात सदानंद देशमुखांनी प्राध्यापकी केली, परभणीत आसाराम लोमटे यांनी पत्रकारिता. देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४चा, लोमट्यांच्या ‘आलोक’ कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला.

नवोदितासाठी महत्त्वाचे दार दिवाळी अंकांचे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होत असल्याने कथा त्याआधी पुरी व्हायला हवी. पाठवताना एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि तीच कथा एकाच वेळी दोन संपादकांना देऊ नये. पुरेशा कथा छापून आल्या, की संग्रहासाठी प्रकाशक गाठावा.